बुडाला जड, ओठाला हलका

यॉटवर जेवण सुरू असताना मी पाहुण्यांच्या प्लेटकडे फारशी बघत नाही. त्यांच्या हातांकडे बघते. गप्पा रंगल्या आहेत, वाढप चालू आहे, नौका नांगरावर हळूच डोलते आहे, आणि तरीही कुणाचा तरी हात पेल्याच्या देठावरून निघतच नाही, असं दिसलं की मांडणीत काहीतरी चुकलंय हे समजावं. त्या माणसाच्या ते ध्यानातही नसतं. पण त्याच्या मनाचा एक कोपरा जेवणभर पेल्याची राखण करत बसलेला असतो. तेवढा कोपरा गप्पांना मिळत नाही, चवीला मिळत नाही, समोरच्या सूर्यास्तालाही मिळत नाही.

खासगी यॉटसाठी जेवणाची भांडी निवडायचं काम मी आवडीने करते. लोकांना वाटतं, यात काय मोठंसं? पैसा आहे, नामांकित कारखाने आहेत, सर्वांत सुंदर दिसेल ते घ्यावं. जमिनीवरच्या घरात हे बहुतेक वेळा चालूनही जातं. पाण्यावर चालत नाही. इथे वस्तू आधी हाताला पटावी लागते, मग समुद्राला, आणि शेवटी डोळ्यांना. हा क्रम उलटा झाला की कितीही उंची सेट असो, एक-दोन हंगामांत त्याची रया जाते. आणि क्रम नीट लागला की डोळ्यांना वेगळं काही द्यावंच लागत नाही, कारण जी वस्तू हातात निर्धास्त बसते ती बहुधा दिसायलाही देखणीच असते. माझा हा अनुभव इतका पक्का आहे की आता मी नमुने पाहताना पहिल्यांदा डोळे मिटून वस्तू हातात घेते.

टेबल कललं की त्यावरच्या भांड्याचं दोनपैकी एक होतं. ते घसरतं, नाहीतर कलंडतं. या दोन्ही गोष्टी साध्या भूमितीच्या आहेत आणि त्या समजून घेतल्या तर निवडीचं निम्मं काम झालं. गुळगुळीत लाकडावर चिनी मातीच्या प्लेटचा घर्षणांक ०.२ धरला, तर टेबल साधारण ११ अंश कललं की प्लेट सरकायला लागते. तोच ०.४ असेल तर जवळजवळ २२ अंशांपर्यंत ती जागची हलत नाही. शिडाची यॉट वाऱ्यावर धावते तेव्हा १५ ते २० अंशांचा कल ही रोजची गोष्ट असते. म्हणजे प्लेटखाली काय अंथरलंय यावरच जेवण टेबलावर राहणार की मांडीवर येणार हे ठरतं. शिवाय हा हिशेब टेबल संथपणे कललं तरचा आहे. लाटेचा हिसका बसला तर त्याच्या कितीतरी आधी सगळं सुटतं.

कलंडण्याचा हिशेब वेगळा. पेल्याचं बूड सहा सेंटिमीटर रुंद आणि भरलेल्या पेल्याचा गुरुत्वमध्य नऊ सेंटिमीटर उंचीवर असेल, तर तो १८ अंशांच्या आसपास आडवा होतो. बूड तेवढंच ठेवून गुरुत्वमध्य चार सेंटिमीटरवर आणला, तर तोच पेला ३६ अंशांपर्यंत तग धरतो. अनेक जण इथे फक्त अर्धाच विचार करतात. सरकू नये म्हणून पकड असलेली चटई अंथरतात आणि तिच्यावर उंच, बारीक देठाचे पेले मांडतात. चटईमुळे पेला सरकत नाही हे खरं, पण मग तो उभ्या उभ्या आडवा होतो. पकड आणि ठेंगणेपणा ही जोडी आहे; एकाला घेऊन दुसऱ्याला सोडलं तर उपयोग नाही.

जुन्या दर्यावर्दींना हे गणित कागदावर मांडायची गरज पडली नाही, त्यांच्या टेबलांवर ते दिसतंच. टेबलाच्या कडेला उभी पट्टी असायची, इंग्रजीत तिला फिडल म्हणतात; खवळलेल्या समुद्रात ती वर उचलून बसवायची, म्हणजे भांडी काठावरून खाली जात नाहीत. टेबलक्लॉथ पाण्याने ओला करून पसरायचा, की प्लेट त्याला चिकटून राहते. आणि मद्याची सुरई बुडाला पसरट, वर निमुळती होत जाणारी. या सुरईला रॉडनीचं नाव मिळालं, ते १७८० मध्ये केप सेंट व्हिन्सेंटजवळ स्पॅनिश आरमाराला हरवणाऱ्या ॲडमिरल जॉर्ज रॉडनीचं. आजही ही सुरई घडवली जाते आणि मला ती सगळ्या काचसामानातली सर्वांत प्रामाणिक वस्तू वाटते. तिच्या आकारातली एकही रेघ उगाच आलेली नाही. खाली जडपणा हवा म्हणून ती रुंद, हाताला पकड हवी म्हणून मान बारीक. तिचं सौंदर्य तिच्या कामातूनच आलंय.

हल्लीच्या मोठ्या यॉटना स्टॅबिलायझर असतात. पाण्याखालचे पंख किंवा जायरो, म्हणजे आत वेगाने फिरणारं जड चाक, त्यामुळे डोलणं पुष्कळ कमी होतं. नांगरावर उभं असतानाही काम करणारी यंत्रणा आता आहे. म्हणून काही मालक म्हणतात, आता कसली भीती, घरच्यासारखंच मांडा. मला हे पटत नाही. वादळात कुणी पाच पदार्थांचं जेवण मांडत नाही. पेले पडतात ते शांत दुपारी, खाडीत नांगर टाकलेला असताना, शेजारून कुणाची तरी वेगवान बोट निघून गेली की. तिच्या मागची लाट येऊन आदळते, यंत्रणा सावरेपर्यंत दोन हेलकावे बसलेले असतात, आणि नेमकं त्याच क्षणी कुणीच सावध नसतं. टेबल या दोन हेलकाव्यांसाठी निवडायचं असतं.

आता प्लेट. उंची प्लेट म्हटलं की दोन घराणी समोर येतात. एक कडक पोर्सलिन, युरोपात त्याचा पहिला कारखाना निघाला जर्मनीतल्या माइसनला. तो १७१० चा. दुसरं बोन चायना, अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला जोसाया स्पोड यांनी त्याचं मिश्रण पक्कं केलं. त्यात जवळपास निम्मा भाग जनावरांच्या हाडांच्या राखेचा असतो, बाकी केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, आणि चिनी दगड. नाजूक, प्रकाशासमोर धरली तर पलीकडची बोटं दिसतील अशी ही प्लेट प्रत्यक्षात फार चिवट असते. लोक तिला बघून घाबरतात आणि जाडजूड दगडी भांड्यांवर विश्वास ठेवतात. खरं तर काठाचा टवका त्या जाड भांड्याचाच आधी उडतो. कडक पोर्सलिनचं वैशिष्ट्य त्याच्या झिलईत आहे. अंग आणि झिलई दोन्ही १४०० अंशांच्या आसपास एकत्र भाजली जातात, म्हणून सुरीच्या ओरखड्यांना ती जास्त दाद देत नाही. बोन चायनाचं अंग अधिक मजबूत, पण झिलई तुलनेने मऊ.

मग यॉटवर कुठलं? माझा कौल बोन चायनाला. तिथे ओरखड्यांपेक्षा धक्के जास्त बसतात, आणि शिवाय ते पातळ घडवता येत असल्यामुळे वजनात हलकं पडतं. शिडाच्या नौकेवर वजनाचा प्रत्येक किलो मोजला जातो, तेही पाण्यापासून जितक्या उंचीवर तितका तो जास्त जाचक. मोठ्या मोटरयॉटवर मात्र हा मुद्दा गौण आहे, तिथे फ्रान्समधल्या लिमोजचं कडक पोर्सलिनही मी आनंदाने घेते. लिमोजच्या दक्षिणेला सां-इरिए-ला-पेर्श इथे १७६८ मध्ये केओलिन सापडलं आणि त्यावर त्या सगळ्या भागाचं नशीब उघडलं. त्या मातीची निळसर झाक असलेली पांढरी प्लेट समुद्रावरच्या प्रकाशात फार सुंदर दिसते.

पण कारखान्याचं नाव वाचून मी प्लेट घेत नाही. आधी ती पालथी करते. बुडाच्या कड्यावर, जिथे झिलई नसते, तिथे अंगठ्याची कड फिरवते. खरखरीत लागली तर ती प्लेट बाजूला. कारण प्लेट एकमेकींवर रचून ठेवल्या जातात, इंजिन चालू झालं की सगळी रास बारीक थरथरत राहते, आणि लांबच्या प्रवासात ते खरखरीत कडं खालच्या प्लेटच्या चेहऱ्यावर कानस फिरवल्यासारखं काम करत राहतं. घासून गुळगुळीत केलेलं कडं हवं, आणि तरीही दोन प्लेटमध्ये मऊ चकती घालायचीच. मग प्लेट सुलटी करून काठावर बोट फिरवते. कड धारदार पातळ असेल तर ती दिसायला तलम, पण टवका तिथूनच उडणार. किंचित गोलसर वळवलेली कड हवी, जी बोटाला कुठेच अडत नाही. त्यानंतर प्लेट टेबलावर ठेवून काठावर एका बाजूने दाबते. लटपटली तर संपलं. आणि शेवटी बघते, आतला खोलगटपणा कसा आहे. अगदी सपाट प्लेटवर रस्सा काठापर्यंत धावतो. थोडीशी उभी कड असलेली, जिला कूप म्हणतात ती प्लेट हेलकाव्यात अन्न मध्ये धरून ठेवते. रुंद सपाट काठाची पारंपरिक प्लेट मांडणीत भारदस्त दिसते खरी. ती मी आतल्या सलूनमध्ये, म्हणजे बैठकीच्या दालनात, रात्रीच्या औपचारिक जेवणाला ठेवते.

सोनेरी काठाबद्दल मालकांशी माझा हमखास वाद होतो. सोनं झिलईच्या वर लावून साधारण ८०० अंशांवर भाजलेलं असतं, म्हणजे ते वर बसलेलं असतं, आत मुरलेलं नसतं. डिशवॉशरमध्ये ते हळूहळू उडतं. यॉटवर माणसं मोजकी, एका दिवसात तीन-चार मांडण्या, हाताने प्रत्येक प्लेट धुवायला सवड कुणाला आहे? नक्षी हवीच असेल तर झिलईत मुरणारी घ्यावी, तिला जास्त तापमानात भाजतात, रंग झिलईच्या आत उतरतो आणि मग यंत्रात धुतलं तरी जात नाही. रंगांची निवड थोडी कमी होते. पण पाचव्या हंगामातही प्लेट पहिल्या दिवसासारखी दिसते, आणि मला वाटतं श्रीमंती तिथे दिसते.

काचेवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण काच ही यॉटवरची सर्वांत सुंदर आणि सर्वांत धोक्याची वस्तू आहे. यॉटवर सगळे अनवाणी असतात. बूट चढतानाच काढून ठेवायचे असतात, डेकवरच्या सागवानावर ओरखडे नकोत म्हणून. त्या सागवानाच्या फळ्यांच्या फटी काळ्या लवचिक मसाल्याने भरलेल्या असतात आणि फुटलेल्या काचेचा बारीक तुकडा त्यात जाऊन बसला की दिसत नाही. झाडून निघत नाही. आठवड्यानंतर कुणाच्या तरी तळव्याला सापडतो. जकुझीच्या किंवा पोहण्याच्या तलावाच्या काठी तर काच नेऊच नये. पाण्यात काच दिसत नाही आणि सगळं पाणी उपसल्याशिवाय खात्री पटत नाही. तिथे ट्रायटनसारखं पारदर्शक प्लॅस्टिक बिनधास्त वापरावं. चांगल्या घडणीचा ट्रायटनचा पेला हातात घेतल्यावर काचेशी त्याचा फरक वजनात आणि आवाजात कळतो, दिसण्यात फारसा नाही. ॲक्रिलिक मात्र मी टाळते, मद्याच्या संपर्कात त्यावर बारीक तडे येऊ शकतात.

आत, छपराखाली, खरी काच हवी. याबाबतीत मी हट्टी आहे. ओठाला लागणारी पातळ कड हे काचेचंच देणं आहे आणि ते दुसऱ्या कशातून मिळत नाही. प्रश्न एवढाच, की ती कड कुठल्या अंगावर बसवायची. २००४ मध्ये रीडेल या ऑस्ट्रियन काच कंपनीने देठच नसलेला वाइनचा पेला काढला, फक्त वाटगा, सपाट बुडावर टेकलेला. यॉटसाठी जणू मुद्दाम केला असावा इतका तो तिथे चपखल बसतो. तोटेही आहेत: हाताच्या उबेने थंड पेय लवकर कोमट होतं आणि बोटांचे ठसे उमटतात. दुपारच्या जेवणाला हे चालतं. रात्रीसाठी माझी आवड वेगळी आहे. बाकारा या फ्रेंच काच कारखान्याचा आर्कूर नावाचा पेला १८४१ पासूनचा आहे. षट्कोनी जाड पाय, आखूड देठ, पैलू पाडलेलं अंग. तो उचलला की पहिल्यांदा वजन जाणवतं, आणि ते वजन सगळं खाली असतं. टेबलावर ठेवताना तो ठेवल्याचं कळतं. पैलूंमुळे ओलसर बोटांतूनही निसटत नाही. हा पेला समुद्रासाठी घडवलेला नाही, पण पाण्यावरच्या टेबलाला काय हवं हे त्याला जसं कळलंय तसं फार थोड्या पेल्यांना कळलेलं असतं. बुडाला जड आणि ओठाला हलका, एवढंच मी कुठल्याही पेल्याकडे मागते.

पुढे धुण्याचा प्रश्न येतो, आणि तो भल्याभल्यांना फसवतो. यॉटवरचं गोडं पाणी बहुतेक वेळा समुद्राच्याच पाण्यातून रिव्हर्स ऑस्मोसिसने काढलेलं असतं. ते फार मऊ असतं. त्याने काचेवर क्षाराचे पांढरे डाग पडत नाहीत, म्हणून सगळे खूश असतात. पण अतिमऊ पाणी, डिशवॉशरची उष्णता आणि तीव्र साबण हे त्रिकूट काचेचा पृष्ठभाग हळूहळू खातं. काच धुरकट होते. क्षाराचा डाग व्हिनेगरने निघतो. हा धुरकटपणा निघत नाही, कारण तो डाग नाही, काचच झिजलेली असते. म्हणून चांगले पेले कमी तापमानाच्या चक्रावर, सौम्य साबणाने धुवावेत, आणि खरोखर अनमोल असतील ते हातानेच.

काटे-चमच्यांपाशी आलं की चांदीचा विषय निघतो. अटलांटिकवरच्या मोठ्या प्रवासी जहाजांच्या काळात चांदीशिवाय टेबल ही कल्पनाच नव्हती. १९३५ मध्ये पहिल्या फेरीला निघालेल्या नॉर्मंडी जहाजाचं पहिल्या वर्गाचं भोजनगृह सुमारे ९३ मीटर लांब होतं, ७०० माणसं एका वेळी बसायची, आणि त्या खिडक्या नसलेल्या दालनात प्रकाश होता तो फ्रेंच काच कलावंत रने लालिक यांच्या काचेच्या दिव्यांचा. ब्रिटनच्या राजघराण्याच्या ब्रिटानिया या यॉटवर, जी १९५३ मध्ये पाण्यात उतरली आणि १९९७ मध्ये सेवेतून गेली, राजकीय मेजवानीला ५६ जणांचं टेबल लागायचं. ते मांडायला तीन तास लागायचे, आणि प्रत्येक काटा, प्रत्येक सुरी पट्टीने मोजून ठेवली जायची. मला हे वाचून कधी अतिरेकी वाटलं नाही. आलेल्या माणसासाठी कुणीतरी तीन तास वाकून अंतरं मोजतंय, यात मोठा आदर आहे.

पण त्या जहाजांवर चांदी घासायला वेगळी माणसं होती. आजच्या यॉटवर आतलं सगळं काम दोन-चार जणी बघतात. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, आणि दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. मिठाने तिच्यावर वेगळेच ठिपके पडतात. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. जे ठाऊक नसतं ते असं: ड्रॉवरमध्ये काटे-चमचे खडखडू नयेत म्हणून आपण जे रबराचं अस्तर घालतो, त्या रबरातच गंधक असतो. लोकरीच्या नमद्यातही असतो. म्हणजे चांदी जपण्यासाठी केलेली गादीच तिला काळी करते. एका यॉटवर मी ड्रॉवर उघडला तेव्हा चमच्यांच्या पाठीवर रबराच्या जाळीची हुबेहूब नक्षी काळ्या रेघांत उमटलेली होती, आणि वरची बाजू लख्ख. तिथल्या मुख्य स्ट्यूअर्डेसला कित्येक दिवस कळत नव्हतं की रोज पुसूनही हे येतं कुठून. उपाय सोपा आहे. अस्तर सिलिकॉनचं घ्यावं, किंवा चांदीचे कण विणलेलं खास कापड मिळतं ते. हवेतला गंधक ते स्वतःवर ओढून घेतं.

पोलाद घ्यायचं तर १८/१०, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल. त्यातही एक गोष्ट विसरू नये: चमचे आणि काटे या पोलादाचे असले तरी सुरीचं पातं सहसा वेगळ्या, कडक पोलादाचं असतं, ज्यात निकेल जवळजवळ नसतं. धार टिकावी म्हणून. त्यामुळे खारट हवेत गंजाचा पहिला ठिपका नेहमी सुरीवर दिसतो. जेवण झाल्यावर सुऱ्या ओल्या तशाच पडू देऊ नयेत. गोड्या पाण्याखाली धरून लगेच कोरड्या कराव्यात, एवढंच पुरतं.

ठेवायची जागा हा विषय भांडी घेतल्यानंतर निघतो, तो आधी निघायला हवा. कपाटाची खोली मोजल्याशिवाय मी एकही प्लेट पसंत करत नाही. मांडणीसाठीची खालची मोठी प्लेट ३० ते ३३ सेंटिमीटरची असते, आणि यॉटच्या भिंती बाहेरून वळलेल्या असल्यामुळे कपाटं आतून तिरकी असतात. वर बसते ती प्लेट खाली बसत नाही. मग ड्रॉवरला खुंट्या, फोममध्ये एकेका पेल्याच्या आकाराची कोरलेली खाच, आपोआप न उघडणाऱ्या कड्या. आणि एवढं करूनही आवाज होतोच. एका रात्री, इंजिन एका ठरावीक वेगावर आलं की कुठूनतरी अगदी बारीक, सलग किणकिण ऐकू यायची. वेग बदलला की थांबायची. पाहुणे झोपलेले. कर्मचाऱ्यांपैकी दोघी जणी मोजे घालून एकेका कपाटाला कान लावत फिरल्या. शेवटी सापडलं ते दोन पेल्यांच्या ओठांमधलं केसाएवढं अंतर. मध्ये घडी घातलेला रुमाल ठेवला आणि आवाज बंद. त्या दोघींनी दुसऱ्या दिवशी सगळ्या खाचा एकमेकींपासून एकेक सेंटिमीटर दूर कापून घेतल्या. भांडी निवडताना मी अशा माणसांना विचारते. मालकाला काय आवडतं ते दुकानदारही सांगतो; रात्री काय वाजतं ते यांनाच माहीत असतं.

डेकवरच्या मांडणीचं थोडक्यात सांगते. वारा हा तिथला खरा यजमान. हलकं काही ठेवू नये, उंच काही ठेवू नये, मेणबत्तीऐवजी बंद काचेतला दिवा, तोही विजेवरचा. यॉटवर आग ही सर्वांत मोठी भीती आहे. भर उन्हात पांढरीशुभ्र चकचकीत प्लेट डोळ्यांना टोचते, म्हणून वाळूच्या, फिकट निळ्या रंगाची, मंद झिलईची प्लेट बरी. धातूची खालची प्लेट उन्हात तापते, तिला बाहेर आणूच नये. आणि मेलामाइन या कडक प्लॅस्टिकला नाकं मुरडू नयेत. चांगल्या घडणीचं, बुडाला सिलिकॉनचं कडं असलेलं मेलामाइन मुलांच्या न्याहारीला उत्तम. फक्त ७० अंशांच्या वरचं गरम काही त्यात वाढू नये आणि मायक्रोवेव्हमध्ये घालू नये.

किती नग घ्यावेत? व्यावसायिक यॉटवर १२ पेक्षा जास्त प्रवासी घेतले की आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार ती प्रवासी जहाज ठरते आणि तिचे नियम बदलतात. त्यामुळे भाड्याने दिल्या जाणाऱ्या कितीतरी यॉट १२ पाहुण्यांसाठीच बांधलेल्या असतात. म्हणून १२ चा सेट घ्यायचा असं लोक धरून चालतात. मी १२ जणांसाठी १८ प्लेट आणि २४ पेले सांगते. फुटतात म्हणून तर आहेच, शिवाय कप्तानाला कधी टेबलावर बोलावलं जातं, आणि एक पदार्थ धुवायला गेलेला असताना दुसरा वाढायचा असतो. कारखान्याला एक प्रश्न मात्र आधी विचारून घ्यावा: ही नक्षी अजून किती वर्षं घडवणार आहात? बंद होणार असेल तर ती कितीही मनात भरली तरी सोडून द्यावी. समुद्राच्या मध्यावर फुटलेल्या एका प्लेटची जोड जगात कुठेच मिळत नाही, ही हळहळ वाईट.

पक्की मागणी देण्याआधी मी एका माणसाची पूर्ण मांडणी, म्हणजे प्लेट, वाटगे, पेले, काटे-चमचे, नौकेवर पाठवते आणि कर्मचाऱ्यांना त्यात आठवडाभर जेवायला सांगते. प्रवासात, नांगरावर, घाईत, ओल्या हातांनी. कपाच्या कानात बोट नीट जातं का, प्लेट एका हातात तीन धरता येतात का, पेला टिपायला आत हात जातो का, हे त्यांच्याकडून कळतं. एकदा एक अप्रतिम सेट मी केवळ एवढ्यासाठी परत पाठवला की त्याच्या सॉसच्या भांड्याची चोच शेवटचा थेंब बाहेरच्या अंगावर सोडायची. पांढऱ्या कापडावर तो थेंब दर वेळी पडणार. भांडं इतकं देखणं होतं की मला आठवडाभर चुटपुट लागली, पण निर्णय मी बदलला नाही.

राहिलं नाव. जवळजवळ प्रत्येक मालकाला यॉटचं नाव किंवा चिन्ह प्लेटवर हवं असतं, आणि ती इच्छा मला फार गोड वाटते. नौकेवर माणसाचा जीव जडतो, तसा घरावरही क्वचितच जडत असेल. अडचण अशी, की यॉट विकल्या जातात आणि नवे मालक अनेकदा नाव बदलतात. मग नाव छापलेला सगळा सेट त्या नौकेवर परका होतो आणि जुन्या मालकाच्या घरी तो मावत नाही. म्हणून मी सुचवते, नाव प्लेटच्या पाठीवर, कारखान्याच्या शिक्क्याशेजारी, झिलईच्या खाली छापून घ्या. दर्शनी बाजू मोकळी राहते, स्वयंपाक्याला वाढायला स्वच्छ जागा मिळते, आणि नाव कधी झिजत नाही. सुरुवातीला मालक जरा नाराज होतात. पुढे जेवण आटोपलं, टेबल आवरायला लागलं, की त्यातले बरेच जण स्वतःच एक प्लेट उचलून उलटी करतात आणि शेजारच्या पाहुण्याला दाखवतात.